एक पाऊल, चार बोटं

खुर्चीमामा खुर्चीवरून पडले, ही बातमी बाजारात आली तेव्हा निम्म्या लोकांना ती थापच वाटली. गेली तीस वर्षं या माणसानं शाळांच्या संमेलनांना, सभांना, शोकसभांना आणि लग्नांना खुर्च्या पुरवल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणाला दम भरला होता, "खुर्ची बसायला असते, चढायला नाही!" आणि तोच माणूस भर सकाळी गोदामाच्या खिडकीतलं कोळिष्टक काढायला घडीच्या खुर्चीवर चढला. खुर्ची घडीची होती, तिची घडी झाली. मामा डाव्या घोट्यावर आपटले.

डॉक्टरांनी काळा फोटो खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "दोन ठिकाणी मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"पण त्याच्या आत एक रविवार आहे हो," मामा म्हणाले.

"सहा आठवड्यांत सहा रविवार असतात मामा."

"ते पाच तुम्ही घ्या. तिसरा मला द्या."

तिसऱ्या रविवारी नदीकाठच्या मैदानावर संगीत महोत्सव होता. वर्षातून एकदा, दुपारी तीनपासून दिवेलागणीनंतरपर्यंत. मैदानाच्या सखल टोकाला स्टेज, मधोमध एक वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस रांगा, रांगेत वीस खुर्च्या. बाराशे माणसं बसायची आणि ती बाराशेही मामांच्या लाकडी खुर्च्यांवर. खुर्च्या मांडायला मामा टेप वापरत नसत. पुढच्या खुर्चीच्या मागच्या पायाला टाच लावून आपलं पाऊल टेकवायचं, पुढं चार बोटं सोडायची, की मागच्या खुर्चीचा पुढचा पाय. एक पाऊल, चार बोटं. हे माप त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, त्यात बाराशे बरोबर बसल्या होत्या, आणि त्यानंतर ते माप ब्रह्मवाक्य होऊन बसलं. लेक हाताशी आली तेव्हा तिनं एकदा स्टीलचा टेप आणला. मामांनी तो गोदामाच्या दाराला अडसर म्हणून लावला.

पाय मोडल्यावर चौथ्या दिवशी महोत्सवाच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या. बाई एके काळी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि समोर बसलेला माणूस कितीही म्हातारा असला तरी तो त्यांना वर्गातलाच वाटायचा. त्यांनी पिशवीतून दर वर्षीप्रमाणे दोन पासेस काढून पलंगावर ठेवले.

"यंदा तुम्ही राबायचं नाही. यंदा तुम्ही पाहुणे. तुम्ही आणि मामी. सातवी रांग, मधल्या खुर्च्या. आवाज तिथं सगळ्यात छान येतो."

तीस वर्षांत मामांनी महोत्सव ऐकला होता तो स्टेजच्या बाजूच्या फाटकातून, आपल्या टेम्पोच्या मडगार्डला टेकून. बसून कधीच नाही. खरं सांगायचं तर त्यांना सुगावाही कधी लागला नव्हता की या बाईंना आपण ऐकतो हे ठाऊक आहे.

"आणि हेही सांगून ठेवते," बाई म्हणाल्या, "आपल्या गायिकाबाई यंदा शेवटच्या. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. पुढच्या वर्षी येणार नाहीत."

गेली बारा वर्षं गायिकाबाईच महोत्सव संपवायच्या. तासभर गायच्या, मग शेवटी माईक हातानं बाजूला सारायच्या, साथीला एकच सारंगी ठेवायच्या आणि एक लहानसं गाणं म्हणायच्या. कुणीतरी घरी यायला उशीर करतंय आणि दुसरं कुणीतरी जेवायचं थांबलंय, एवढंच त्या गाण्यात होतं. मामा ते गाणं वर्षभर गुणगुणायचे. त्यांचा आवाज असा होता की शेजारी खिडकी लावून घ्यायचे, पण गाणं मामांना सुटत नव्हतं.

बाई गेल्यावर त्यांनी मामींना हाक मारली. "अगं, ऐकलंस का? सातवी रांग! मधल्या खुर्च्या!"

मामी स्वयंपाकघरातून काठी टेकत आल्या. बारा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले होते. चालायच्या, पण पाय पूर्ण वाकायचा नाही आणि वाकला तर सरळ व्हायचा नाही. पासेस त्यांनी हातात घेऊन बघितले आणि परत पलंगावर ठेवले.

"तुम्ही बसा. मी आपली मागं बरी."

"दर वर्षी तेच! मागं, मागं! काय ठेवलंय मागं?"

"वारा असतो."

"वाऱ्यानं गाणं ऐकू येतं होय? अगं, शेवटचं आहे त्यांचं. इतकी वर्षं मी तिकडे फाटकात आणि तू मागं कुंपणाशी. एकदा शेजारी बसून ऐकू की दोघं. मी काही फार मागतोय का?"

मामींनी त्यांच्या प्लास्टरखालची उशी सारखी केली. "बघू," म्हणाल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्या 'बघू'चा अर्थ मामांना कळायला हवा होता. पण माणूस खुशीत असला की त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. मामांनी मनाशी पक्कं धरलं की यंदा ते गाणं आपण दोघांनी शेजारीशेजारी बसून ऐकायचं. तेवढं झालं की मोडलेल्या पायाचं सार्थक झालं.

रविवारी सकाळी मामा मैदानावर हजर होतेच. पाहुणे झाले म्हणून काय झालं! लेकीनं त्यांना स्टेजसमोर एका खुर्चीवर बसवलं, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, आणि कामाला लागली. आता पाऊल मामांचं, पण ते प्लास्टरमध्ये. यावर मामांनी तोडगा काढला होता. त्यांनी आपला डावा बूट तिच्या हवाली केला. तीस वर्षांची, दोन गड्यांना आणि एका टेम्पोला सांभाळणारी ही बाई हातात मोज्यासारखा बूट घालून रांगेरांगेतून ओणवी फिरत होती. टाच टेकव, बूट ठेव, चार बोटं मोज, पुढं.

"बोटं तुझी नकोत," मामा कुबडी उंचावून ओरडले, "तुझी बारीक आहेत! साडेचार धर!"

दहाव्या रांगेशी ती थांबली, कंबर सरळ केली. "बाबा, दोन बोटं जास्त सोडू का? फार चिकटून होतात हो."

"दोन बोटं जास्त सोडलीस तर दोन्हीकडची मिळून एक अख्खी रांग गाडीत राहील. चाळीस माणसं कुठं बसवशील? माझ्या डोक्यावर?"

बूट पुन्हा हातात चढला. अकराच्या सुमाराला बाराशे खुर्च्या मांडून झाल्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि मामांची छाती अशी फुगली की जणू त्यांनीच त्या जन्माला घातल्या होत्या.

दुपारी मामा आणि मामी रिक्षानं आले. मामांना दोन कुबड्या, मामींना काठी, दोघांमध्ये मिळून धड असे पायच कमी. प्रवेशापाशी मामी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," आणि डावीकडे वळल्या. मामांना वाटलं, ओळखीचं कुणी दिसलं असेल. ते मधल्या वाटेनं निघाले. लोक उठून बाजूला होत होते, "या मामा, या या, कसा आहे पाय?" मामा मान डोलवत चालले होते. सातव्या रांगेपर्यंत सगळं झोकात झालं.

मग ते रांगेत शिरले.

त्यांची जागा होती आत अकरावी आणि बारावी. पहिल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी गुडघे बाजूला घेतले. मामांनी उजवी कुबडी आत टाकली, पाय टाकला, दुसरी कुबडी ओढली. प्लास्टरचा पाय जमिनीला टेकवायचा नाही, म्हणजे तो पुढं धरायचा, आणि पुढं होती खुर्चीची पाठ. दुसरी खुर्ची झाली, तिसरी झाली. चौथीपाशी कुबडीचं रबर पुढच्या खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकलं. मामांनी ओढलं. खुर्ची हलली, तिच्यावर बसलेल्या बाईंचा चष्मा मांडीवर पडला. "काही नाही मामा, काही नाही," त्या म्हणाल्या. पाचव्या खुर्चीपाशी पायाखाली पाण्याची बाटली आली. तेवढ्यात स्टेजवर तबला सुरू झाला. मागून कुणीतरी, मामांना न ओळखणारं, म्हणालं, "अहो आजोबा, खाली बसा ना, दिसत नाही!"

खाली कुठं बसणार? पुढं पाच खुर्च्यांवर माणसं, मागं पाच खुर्च्यांवर माणसं. वळावं तर वळायला जागा नाही. मामा उभे राहिले तसेच, घामानं डबडबलेले, आपण स्वतः ठेवलेल्या चार बोटांत अडकलेले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसानं त्यांना काखेत धरून उचललं, कुबड्या लोकांच्या डोक्यांवरून हातोहात वाटेपर्यंत गेल्या, आणि मामा उलटे उलटे, पाठीकडून, पाच गुडघ्यांच्या जोड्या ओलांडत बाहेर आले. वाटेवर उभं राहून श्वास घेताना त्यांच्या लक्षात आलं की आपण या रांगा रिकाम्या पाहिल्यात आणि भरलेल्या पाहिल्यात. भरताना कधी पाहिल्याच नाहीत. त्या वेळी आपण नेहमी गाडीपाशी असतो.

मान खाली घालून ते मागं निघाले. उरलेल्या तेवीस रांगा ओलांडून, मैदानाचा चढ चढत, थेट कुंपणापर्यंत. कुंपणापलीकडे जनरेटर गुरगुरत होता, शेजारी चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज. आणि तिथं मामी. एकट्या नव्हत्या. दहाजण होते त्यांच्यासोबत. वॉकर धरून उभे असलेले बसचे निवृत्त ड्रायव्हरकाका, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या टेलरबाई, चाकाच्या खुर्चीतला घड्याळजी, दिवस भरत आलेली एक पोर, आणि असेच काही. कुणी कुंपणाच्या दगडावर टेकलेलं, कुणी उभं.

"या मामा!" ड्रायव्हरकाकांनी सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घालून पुढं सरकवला. "बसा. आमची रांग ऐसपैस आहे. इथं बूट लागत नाही."

मामा बसले. क्रेटची फळी टोचत होती, पण पाय लांब करता आला. टेलरबाईंनी आपली पिशवी त्यांच्या टाचेखाली सरकवली. मामी काही न बोलता थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांना देत होत्या. त्यांना इथं सगळे नावानिशी ओळखत होते, हे मामांनी पाहिलं. घड्याळजीला बिनसाखरेचा, हे मामींना न विचारता माहीत होतं.

"तुम्ही सगळे दर वर्षी इथंच?" मामांनी विचारलं.

"मी सात वर्षं," घड्याळजी म्हणाला. "मामी आणि या टेलरबाई सगळ्यात सीनिअर. बारा."

"पण हिला पास असतो की! दर वर्षी दोन पास देतात घरी."

सगळ्यांनी मामींकडे बघितलं. मग टेलरबाईच म्हणाल्या, कारण त्यांना पोटात ठेवणं जमत नसे. "गुडघे गेले त्या वर्षी गेल्या होत्या त्या आत. चौथ्या खुर्चीशी अडकल्या. गुडघा वाकेना, माणसं उठेनात, पिशवी पडली. कुणीतरी 'सुरू झालंय बाई' असं खेकसलं. त्या परत आल्या त्या इथं. मी तेव्हा इथंच होते. माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या दोन तास."

"तू मला बोलली नाहीस?"

मामी म्हणाल्या, "चहा गार होतोय."

"आणि कुणीच कसं आलं नाही सांगायला? इतकी वर्षं?"

"सांगणार होतो हो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना सांगावं लागतं. पण मामी म्हणायच्या, माणूस दिवसभर वाकून वाकून मांडतो, त्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही. मग राहिलंच."

स्टेजवर आता बासरी लागली होती. ती दिसत होती, म्हणजे वाजवणारा दिसत होता. ऐकू येत होतं ते निम्मी बासरी आणि निम्मा जनरेटर. मामांनी डोकं कलतं करून कान लावला, आणि मग एकदम मान सरळ केली.

"आणि शेवटचं गाणं? बाई तर माईक बाजूला सारतात."

"पुढची माणसं टाळ्या वाजवत उठली की आम्हीही वाजवतो," घड्याळजी म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. पावसात छत्री उघडतो असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

मामांनी मामींकडे बघितलं. "पण घरी जाताना मी दर वर्षी विचारतो तुला, कसं झालं गाणं म्हणून. तू म्हणतेस, छान झालं!"

"तुमच्या तोंडावर दिसायचं ना छान झालेलं," मामी म्हणाल्या. "आणि मग वर्षभर तुम्ही म्हणताच की घरात. मला ते पाठ आहे."

बारा वर्षं! त्या बाईच्या गळ्यातलं गाणं मामींनी ऐकलं होतं ते मामांच्या गळ्यातून. मामांना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी चहाचं झाकण तोंडाला लावलं तर ते रिकामं होतं. लाज वाटली, स्वतःचा राग आला, आणि त्याच वेळी, हे त्यांनी नंतर कितीदा तरी बोलून दाखवलं, त्यांना त्या मोडक्या पायाचे उपकार वाटले. पाय धड असता तर आत्ता आपण फाटकाशी मडगार्डला टेकून डोळे मिटून डोलत असतो आणि घरी जाताना विचारलं असतं, कसं झालं?

पण उपकार मानून गाणं ऐकू येत नाही. मामा कामाचा माणूस. त्यांनी मैदानावरून नजर फिरवली. बाराशे खुर्च्या भरलेल्या. मधली वाट अरुंद. रांगा सोडवायच्या तर बाराशे माणसं उठवावी लागतील. शिवाय त्यांच्या धंद्याचा एक नेम होता, तो त्यांच्या वडिलांपासूनचा. मांडलेली बैठक कार्यक्रम संपेपर्यंत हलवायची नाही. आग लागली तरच. हा नेम त्यांनी गड्यांना, लेकीला आणि दोनदा सेक्रेटरीबाईंनाही ऐकवला होता.

मग त्यांची नजर गेली सोफ्यांवर. पहिल्या रांगेच्याही पुढं, मान्यवरांसाठी सहा सोफे असायचे. तेही मामांचेच. मान्यवर यायचे, भाषणं व्हायची, हार व्हायचे, आणि मध्यंतराला चहा पिऊन मान्यवर गाडीत बसून जायचे. महोत्सवाचा उत्तरार्ध त्या सहा सोफ्यांनी रिकामं राहूनच ऐकलेला. फाटकातून मामांनी हे तीस वर्षं पाहिलं होतं आणि त्याचा त्यांना कधी उपयोग सुचला नव्हता.

"मध्यंतर किती वेळाचं?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मामांनी लेकीला फोन लावला. "गाडीची फळी उतरव. गड्यांना घे. मान्यवर उठले रे उठले की सोफे उचलायचे. सगळे."

"बाबा, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच बोलतोय! आणि ऐक, तिथं बारा... नाही, अकरा खुर्च्या मांड. एकाची त्याची त्याला आहे. बूट घेऊ नकोस हातात. मोकळ्या मांड."

"किती मोकळ्या?"

मामांनी आपल्या प्लास्टरच्या पायाकडे बघितलं. "मांड तू," ते म्हणाले.

मध्यंतर झालं. मान्यवर निघाले, आणि ही बाराजणांची वरात कुंपणाबाहेरच्या डांबरी रस्त्यानं मैदानाला वळसा घालून स्टेजच्या फाटकाकडे निघाली. पुढं वॉकर, मागं कुबड्या, मध्ये चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या टेलरबाई. खरं तर त्या ढकलत होत्या की तिच्या आधारानं चालत होत्या ते सांगणं कठीण. दिवस भरलेली पोर सगळ्यांत वेगवान निघाली. अर्ध्या वाटेवर ड्रायव्हरकाकांना दम लागला, तर सगळे थांबले. मामा घड्याळ बघत होते आणि कुणाला "चला" म्हणायची त्यांची हिंमत होत नव्हती. या लोकांना आजवर पुष्कळांनी घाई केली असणार.

फाटकाशी सेक्रेटरीबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मामा, हे काय चाललंय? सोफे कुठं निघाले?"

"बाई, बैठक बदलतोय."

"मध्यंतरात? तुम्ही? आणि पाहुणे परत आले तर?"

"तीस वर्षांत एकदा तरी आलेत का?"

बाईंनी मामांच्या मागची रांग पाहिली. एकेक चेहरा पाहिला. त्यांतली टेलरबाई त्यांच्याच शाळेची पोर होती. "तू? तू दर वर्षी कुठं बसतेस गं?"

"बसत नाही बाई," ती म्हणाली. "मागं उभी असते."

महोत्सवाची घंटा बाई स्वतः वाजवायच्या, शाळेचीच जुनी पितळी घंटा. ती वाजू नये म्हणून तिचा लोळा मुठीत धरून त्या फाटकात उभ्या राहिल्या. वीस मिनिटं झाली. बावीस झाली. फाटकाच्या उंबऱ्याशी जाड केबलींवर चाकाची खुर्ची अडली. लेकीनं गाडीत खुर्च्या चढवायची लांब फळी केबलींवर टाकली आणि घड्याळजी तिच्यावरून असा गेला की बाराशे माणसं बघत राहिली. कुणीतरी टाळी वाजवली. त्यानं हात उंचावून तीही स्वीकारली. अकरा खुर्च्यांवर अकरा माणसं बसली, पाय लांब करून, काठ्या शेजारी ठेवून. मगच बाईंनी मूठ सोडली आणि घंटा वाजवली.

गायिकाबाई तासभर गायल्या. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. वर जाताना फाटायचा, त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या, हसायच्या, पुन्हा धरायच्या. मामांना त्याचं काही नव्हतं. ते सारखे शेजारी बघत होते. मामी पदर नीट करून ताठ बसल्या होत्या, शाळेत बाईंनी उभं केल्यासारख्या.

मग माईक बाजूला सरला. सारंगी अगदी हळू लागली. गायिकाबाई मान थोडी खाली घालून म्हणू लागल्या, आणि ते गाणं दहा हातांवरून, मध्ये कुणी नाही, कसला आवाज नाही, असं सरळ मामींपर्यंत आलं. मामींचे ओठ हलत होते. त्या पाठ असलेले शब्द बरोबरीनं म्हणत होत्या. दुसऱ्या ओळीशी त्या चुकल्या, थांबल्या, कारण गाणं भलतीकडेच वळलं होतं. मामांना वाटलं, जमीन दुभंगावी. बारा वर्षं आपण बायकोला चुकीची चाल ऐकवली! मामींनी ओठ मिटले आणि डोळे उघडे ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी मामांकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मामांना त्याचाच फार आनंद झाला.

टाळ्या झाल्या, लोक उठले. मैदान रिकामं व्हायला वेळ लागला, पण या बारा जणांना कुठली घाई! मागं खुर्च्या मिटल्याचे आवाज सुरू झाले. मामी अजून स्टेजकडेच बघत होत्या.

"मला एकदा सांगायचंस गं," मामा म्हणाले. "एकदा म्हणायचंस, मला आत जाता येत नाही. मी काय नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं," मामी म्हणाल्या. "तुम्ही मला पहिल्या रांगेत टोकाला एक खुर्ची ठेवली असती. गादी घालून. आणि मी या सगळ्यांकडे पाठ करून बसले असते."

खोटं कुठं होतं? ठेवलीच असती. आणि वर्षभर दहा लोकांना सांगितलं असतं, बायकोसाठी खास खुर्ची ठेवली म्हणून. मामांनी मामींचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. हे माणूस आपल्या वाट्याला आलं, अडतीस वर्षं आलं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते त्यांना कळेना.

"मग पुढच्या वर्षी अंतर किती ठेवू?" त्यांनी विचारलं. "तू सांगशील तेवढं. रांग कमी झाली तर होऊ दे."

"मला काय विचारता?" मामी म्हणाल्या. "ते काय, सगळे बसलेत की. त्यांना विचारा."

मामांनी कुबड्या काखेत घेतल्या. लेकीला हाक मारली, पहिली खेप टाकून येताना गोदामातून वही आणि तो दाराला लावलेला टेप घेऊन ये म्हणाले, आणि पहिल्या खुर्चीवरच्या ड्रायव्हरकाकांसमोर जाऊन उभे राहिले.